मितारचं आमानेत

शब्दकोशाच्या कामात शेम्साचं घोडं 'आमानेत'पाशी अडलं होतं. स्लाव भाषांमध्ये शिरून घरच्यासारखे राहिलेल्या अरबी-तुर्की शब्दांचा एक मोठा कोश साराजेव्होतल्या तिच्या कचेरीत गेली कित्येक वर्षं होऊ घातला होता. कोश आधी बाहेर येईल की कचेरीचं छप्पर आधी खाली येईल, यावर तिथले लोक कॉफी पिताना पैजा लावत. 'आ' अक्षर शेम्साकडे होतं. त्यातले बाकीचे शब्द तिने केव्हाच हातावेगळे केले होते.

हा शब्द मोठा उपद्व्यापी. अरबस्तानातून निघाला तेव्हा विश्वासाने सोपवलेली वस्तू, एवढाच त्याचा साधा अर्थ. तुर्कांच्या घोड्यांमागून तो बाल्कनात उतरला आणि ज्या घरी गेला तिथल्या हवेला लागला. बल्गेरियात त्याने गहाणवटीचा धंदा सुरू केला. रशियात तर कमालच झाली. डोंगरी सरदारांनी दिलेला शब्द पाळावा म्हणून झारचे अधिकारी त्यांची मुलं आपल्याजवळ ठेवून घेत, आणि त्या मुलांना म्हणत 'आमानात', म्हणजे ओलीस. बॉस्नियात तो सोपवलेली वस्तूच राहिला, पण मरणारा माणूस मागे राहणाऱ्याच्या गळ्यात जे टाकून जातो त्यालाही लोक आमानेतच म्हणू लागले. हाच प्रवासी आपल्याकडे आला तेव्हा मराठीने त्याची अक्षरं उलटीपालटी करून 'अनामत' केली आणि घरमालकाच्या हवाली केली. ज्याची त्याची रीत.

"शेम्साबाई, चार ओळींची नोंद हवीय," संपादक म्हणाले. "तुम्ही आत्मचरित्र लिहायला बसल्यासारख्या बसलाय."

ते अगदीच खोटं नव्हतं. बॉस्ना नदीकाठी माग्लायमध्ये शेम्साच्या माहेरच्या तळघरात आंबवलेल्या कोबीची दोन पिंपं होती. त्यांच्या मधोमध तिसरं एक उभं होतं, आणि ते तिच्या वडिलांचं नव्हतं.

ते मितारचं. मितार त्यांचा भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी, ऑर्थोडॉक्स सर्ब, मनाने मोठा आणि आवाजाने त्याहून मोठा. शेम्साचे वडील रागिब पाच वेळा नमाज पढणारे मुसलमान, उभ्या आयुष्यात दारूच्या थेंबाला न शिवलेले. तरी दोघांचं मेतकूट असं होतं की त्यांच्या बायकांना हेवा वाटावा. ब्याण्णवच्या वसंतात लढाई दाराशी आली तेव्हा मितारने बायकोला ट्रकवर बसवलं आणि जाण्यापूर्वी मुलाला, नेनादला, हाताशी घेऊन तुतीच्या लाकडाचं ते पिंप दोन फळ्यांवरून रागिबच्या तळघरात सरकवलं. दारूला हात लागू नये म्हणून रागिब तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"रागिब, ही आलुबुखाराची राकिया," मितार म्हणाला. "आमानेत. आलो की नेईन."

"स्वीकारलं," भिंतीकडे पाहतच रागिब म्हणाला.

झालं. एवढ्या एका शब्दाने माणूस बांधला जातो. आमानेत उघडायचं नाही, वापरायचं नाही, कोणाला उसनं द्यायचं नाही. मालक येईल तेव्हा त्याच्या हातात जसंच्या तसं द्यायचं. 'येऊन घेऊन जा' असा निरोपही धाडायचा नाही, कारण ते पाहुण्याला 'कधी निघताय?' विचारण्यासारखं होतं. आणि सांभाळणाराच मरायला टेकला तर त्याने दुसऱ्या कोणाला तरी विचारायचं, 'स्वीकारतोस का?' समोरच्याने तोंडाने 'स्वीकारलं' म्हटलं तरच ओझं उतरतं. नुसती मान हलवून चालत नाही.

लढाईत तीन वेळा शिपाई तळघरात आले. रागिबने पिंपावर कोबी दाबायचा दगड ठेवला होता. शिपायांना आंबूस वास आला, त्यांनी नाकं मुरडली आणि ते गेले. लढाई संपल्यावर एकदा रागिबने सहज म्हणून पिंपावर बोट वाजवलं. आवाज पोकळ आला. वरून खाली वाजवत गेला, तर अगदी बुडाजवळ कुठे तो भरीव झाला.

रागिबला घाम फुटला. पिंप गळत होतं, की उडून गेली, की शिपायांनीच डाव साधला होता? काही असो, आमानेत त्याच्या छपराखाली घटलं होतं. त्याने इमामाला विचारलं की घटलेलं आमानेत भरून देणं बंधनकारक आहे ना. इमाम म्हणाला, "अर्थातच." मग रागिबने आमानेत कशाचं आहे ते सांगितलं. इमाम बराच वेळ दाढी कुरवाळत बसला आणि म्हणाला, "रागिब, तू मला काही विचारलं नाहीस. घरी जा."

तेव्हापासून दर शरद ऋतूत हा परहेजी मुसलमान मितारच्या बेवारस बागेतले आलुबुखार गोळा करायचा, वेगळ्या पिंपात आंबवायचा आणि वरच्या वाडीतल्या आन्तोच्या तांब्याच्या भट्टीवर न्यायचा; निघेल ती दारू मितारच्या पिंपात जायची. आन्तो कॅथलिक, जिभेचा तिखट आणि आपल्या भट्टीचा अभिमानी. बाजारातली दारू आणून ओतणं सोपं होतं, पण मितारने बागेची दिली होती, तर बागेचीच परत जायला हवी. आन्तो साखर मिसळेल या भीतीने रागिब दिवसभर नाकाला रुमाल बांधून, जपमाळ ओढत भट्टीशी बसे. चव घ्यायचा प्रश्नच नव्हता. बाटली हलवून तिच्या गळ्याशी धरणाऱ्या बुडबुड्यांवरून तो पारख करी, आणि आन्तोच्या मते ती पारख पट्टीच्या पिणाऱ्यालाही जमली नसती.

"हे बघा आमचे तळघरातले हाजी!" आन्तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. "लोक मक्केला जाऊन येतात, आमचे हाजी माझ्या भट्टीची यात्रा करतात."

हा टोमणा रागिबला लागायचा. परक्याचं आमानेत घरात ठेवून हजला जायचं नाही, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं. गल्लीतले दोघेतिघे जाऊन आले. याचं सामान दोनदा बांधायचं ठरलं आणि दोनदा राहिलं. आता हृदयच साथ देईना. डॉक्टरांनी प्रवासाचं नाव काढू नका म्हणून सांगितलं.

इस्पितळातून घरी आल्यावर त्याने शेम्साला बोलावून घेतलं. तिने मिरच्या भरून शिजवल्या, त्याच्या गोळ्या वेगवेगळ्या वाट्यांत काढून ठेवल्या आणि कॉफी ओतली. त्याने साखरेचा खडा कॉफीत बुडवून दाताखाली धरला. हे करताना तो नेहमी काहीतरी महत्त्वाचं बोलायचा.

"पोरी, माझं काही खरं नाही."

"बाबा, डॉक्टर म्हणाले—"

"डॉक्टरांचं डॉक्टरांपाशी. मितारचं आमानेत तू स्वीकारतेस का?"

पुढच्या महिन्यापासून तिला व्हिएन्नाच्या विद्यापीठात नोकरी होती. सगळं ठरलं होतं, खोलीसुद्धा. घटस्फोटानंतर पहिल्यांदाच तिच्या आयुष्यात काही नवं घडत होतं. 'स्वीकारलं' म्हटलं की हे घर विकता येणार नव्हतं, भाड्याने देता येणार नव्हतं आणि दर शरदात येऊन आन्तोच्या भट्टीशी बसावं लागणार होतं. रशियनांनी या शब्दाला नेमकं ओळखलं होतं, असं तिच्या मनात आलं. फक्त ओलीस कोण, एवढंच त्यांनी चुकीचं लिहिलं होतं.

"मला रविवारपर्यंत वेळ द्या," ती म्हणाली.

"दिला," रागिब म्हणाला. "मलाही कोणीतरी तेवढा दिला तर."

'नाही' म्हणावं तर बाप तो 'नाही' उराशी घेऊन मरणार. 'हो' म्हणावं तर आपण गेलो. नुसतं तोंडदेखलं 'हो' म्हणून व्हिएन्नाची गाडी पकडायचा विचारही तिने करून पाहिला. तो जमण्यातला नव्हता, कारण ती रागिबचीच मुलगी होती. रात्रभर विचार करून सकाळी तिने रीत मोडली. नेनादचा ठावठिकाणा शोधणं कठीण गेलं नाही. इतकी वर्षं कोणी शोधला नव्हता, एवढंच. नेनाद नोवी सादमध्ये होता. मितार वारल्याला चार वर्षं झाली होती.

"पिंप?" फोनवर नेनाद म्हणाला. "ते अजून आहे?"

"आहे. बाबा आजारी आहेत. शनिवारी येशील?"

"येतो," तो म्हणाला.

वडिलांना तिने सांगितलं की नेनाद आपणहून येतोय. रागिबने तिच्याकडे असं पाहिलं की खोटं कुठल्या कुठे विरघळलं. मितार गेल्याचं ऐकून त्याने हात पसरून प्रार्थना केली. ऑर्थोडॉक्स माणसासाठी ती चालते की नाही हे त्याने इमामाला विचारलं नाही, शहाणपणा केला. मग न्हावी घरी बोलावून दाढी नीट करून घेतली.

शनिवारी नेनाद गाडीला छोटी ट्रॉली जोडून आला. गेला तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा होता, आता कपाळ मागे गेलेला, पोट सुटलेला गृहस्थ होता. रागिब लग्नकार्याचा कोट घालून पायऱ्यांवर उभा होता. दोघांनी एकमेकांना मिठी मारली आणि दोघेही शेजारच्या मितारच्या घराकडे बघायचं टाळत राहिले. पिंप उचलायला हात लागतील म्हणून आन्तोला बोलावलं होतं. तो आपली करमणूक व्हावी म्हणूनही आला होता.

तळघराच्या पायऱ्या रागिब तीनदा थांबून उतरला. शेम्साने हात पुढे केला तो त्याने झिडकारला.

"वाजवून बघ," तो नेनादला म्हणाला. त्याच्या आवाजात जी ऐट होती ती शेम्साने आयुष्यात कधी ऐकली नव्हती.

नेनादने बोट वाजवलं, आधी मधे, मग वर, मग अगदी झाकणाशी. सगळीकडे भरीव. त्याने पिंपाला खांदा लावून बघितलं, ते हललंही नाही. त्याचा चेहरा उतरला.

"रागिबकाका, हे आमचं नाही."

"नाही कसं? लाकडावर तुझ्या आजोबांची खूण आहे."

"पिंप आमचं. पण आम्ही ठेवलं तेव्हा यात तिसरा हिस्सा होती, तोही जेमतेम. त्याआधीच्या वसंतात फुलोऱ्यावर हिम पडलं होतं, आठवतं? आणि असलेली आजोबांच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला पाहुण्यांनी संपवली. नाहीतर मी आणि बाबा, आम्ही दोघं ते पायऱ्यांवरून उतरवणार कसे होतो?"

वर अंगणात कोंबडी ओरडत होती.

"मग तिसरा हिस्सा माझ्याकडे ठेवून गेला कशाला?" शेवटी रागिबने विचारलं. "एवढ्याशा दारूसाठी?"

"आईनेही ट्रकमध्ये हेच विचारलं. इथे घर उघडं टाकून चाललोय आणि तुम्हाला दारूची पडलीय, म्हणाली. तेव्हा बाबा म्हणाले, घर कोणीही जाळेल. पण रागिबपाशी आमानेत आहे म्हणजे या गावात एक माणूस माझी वाट बघणारच. त्याला दुसरा इलाज नाही."

रागिब कोबीच्या पिंपाला टेकला. शेम्साला वाटलं, संपलं सगळं, आता इथेच याचं हृदय बंद पडणार आणि फोन मी केला. तिला स्वतःचा मनस्वी संताप आला. पण रागिबचे ओठ हलत होते. तो हिशेब करत होता.

"म्हणजे तिसरा हिस्सा मितारचा," तो म्हणाला. "आणि वरची सगळी? ती कोणाची?"

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. आन्तोने पहिल्यांदा तोंड दुसरीकडे फिरवलं, मग त्याला राहवेना.

"तुझी, रागिब! अभिनंदन! माग्लायमधला सगळ्यात मोठा दारूचा साठा एका नमाजीच्या घरात."

"थोबाड बंद कर, आन्तो," शेम्सा म्हणाली.

"मी इतकी वर्षं स्वतःसाठी दारू गाळली," रागिब हळू म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायची त्याला शुद्ध नव्हती. परक्याची दारू सांभाळणं एक वेळ अल्लाने चालवून घेतलं असतं. पण मालक होऊन मरायचं?

"काका, ओतून टाकू," नेनाद म्हणाला. "आत्ता, गटारात."

"ओतायचीय?" आन्तो किंचाळला. "मला आधी त्या गटारात घाला!"

"ओतता येत नाही," रागिब म्हणाला. "दोन्ही मिसळलंय. माझी ओतायला गेलो तर मितारचीही जाईल."

"मग आन्तोला द्या."

"मी दारू वाटू? या वयात?"

घोळ असा पडला होता की त्यातून कोणाला वाट दिसेना. शेम्साच्या घशाशी 'स्वीकारलं' हा शब्द येऊन थांबला होता. बापाचं तोंड पाहवत नव्हतं. व्हिएन्ना गेली खड्ड्यात, तिने मनाशी म्हटलं, आणि श्वास घेतला.

पण तेवढ्यात रागिबने कोट झटकला. तो पिंपाला हात लावल्याशिवाय त्याच्या शेजारी, शक्य तेवढा ताठ उभा राहिला.

"नेनाद, मितारच्या मुला, तुझ्या बापाचं आमानेत मी तुझ्या हातात देतोय. पोचलं का?"

"पोचलं, काका."

"माझ्याकडून काही चुकलं असेल तर माफ केलंस?"

"माफ. मनापासून."

"ठीक. आता उरलेलं माझं. ते मी माझ्या घरात ठेवू शकत नाही. ते तुझ्याकडे आमानेत ठेवतो. स्वीकारतोस का?"

"काका, मी चौथ्या मजल्यावर राहतो."

"लिफ्ट आहे?"

"आहे, पण... काका, मी दारू सोडलीय. बाबा गेले त्या वर्षी फार वाहवत गेलो होतो. बायको मुलीला घेऊन निघून गेली होती. आता थेंब घेत नाही. आणि तुम्ही माझ्या घरात अख्खं पिंप?"

"मग उत्तमच की," रागिब म्हणाला. "पिणाऱ्याकडे कोण ठेवतं?"

आन्तोसुद्धा हसला नाही. नेनाद पिंपाकडे पाहत होता आणि रागिब नेनादकडे. म्हाताऱ्याच्या नजरेत दया नव्हती. विश्वास होता, आणि तो दयेपेक्षा जड असतो.

"केव्हापर्यंत?" नेनादने विचारलं.

"मी न्यायला येईपर्यंत."

पायऱ्या तीनदा थांबून उतरलेला माणूस हे म्हणत होता. नेनादने हाताच्या पालथ्या बाजूने नाक पुसलं.

"स्वीकारलं," तो म्हणाला.

वरच्या वाडीतून आणखी दोघांना बोलावून पिंप ट्रॉलीवर चढवलं. दोऱ्या आवळताना आन्तो नेनादला बजावत होता की दर वर्षी थोडी उडते, भर घालावी लागते, आणि ती दुकानातली चालत नाही. तेव्हा शरदात इकडे येणं आलंच, बाग तुझीच आहे, भट्टी माझी आहे. नेनादने त्याच्याकडे पाहिलं आणि मग पहिल्यांदा, मान वळवून, आपल्या घराकडे. छप्पर नव्हतं. बाग मात्र नीट छाटलेली होती.

गाडी गल्लीतून इतक्या हळू गेली की पोरं तिच्या बरोबरीने चालत होती.

संध्याकाळी शेम्साने जेवायला वाढलं. रागिबने कितीतरी महिन्यांनी दुसऱ्यांदा सूप मागितलं. उद्या रविवार होता, पण त्या प्रश्नाचं तो नावही काढेना. शेम्साला खरं तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तिला राग आला होता, आणि राग येतोय याची लाज वाटत होती. आठवडाभर जे तिच्या मानेवर बसलं होतं ते बाबांनी चार वाक्यांत दुसऱ्या कोणाला देऊन टाकलं होतं, आणि तिच्या उत्तरासाठी क्षणभरही थांबले नव्हते.

"मी हो म्हणणार होते, बाबा," ती म्हणाली. "खाली. अगदी तोंडाशी आलं होतं."

"ऐकलं मी," रागिब म्हणाला. "तू श्वास घेतलास ना, तेव्हाच. म्हणून तर घाई केली."

त्याने पाव मोडला आणि मोठा तुकडा तिच्या ताटात ठेवला.